शंका आणि दोष : सी भाषेतील कंपायलर-इशाऱ्यांच्या उपयुक्ततेचा विचार

१

सी भाषेत लिहिलेली संहिता यंत्रभाषेत उतरविण्याचे काम कंपायलर करतो. हे करीत असताना तो लेखकाशी दोन प्रकारे बोलतो. संहिता भाषेच्या नियमांत बसत नसेल तर तो दोष दाखवितो व काम थांबवितो. संहिता नियमांत बसते, परंतु तीत काही वावगे असावे असे त्याला वाटले, तर तो काम पुरे करतो आणि सोबत एक इशारा देतो. दोषाविषयी मतभेद संभवत नाही; तो दूर केल्यावाचून पुढे जाताच येत नाही. मतभेद आहे तो इशाऱ्यांविषयी. एक पक्ष म्हणतो की प्रत्येक इशारा दोषच मानावा व एकही शिल्लक असता संहिता स्वीकारू नये. दुसरा पक्ष म्हणतो की इशाऱ्यांपैकी बहुसंख्य निरर्थक असतात आणि अनुभवी लेखकाने त्यांकडे दुर्लक्ष करणेच श्रेयस्कर. दोन्ही पक्षांत जाणते लोक आहेत आणि दोहोंच्या पाठीशी अनुभव आहे.

प्रस्तुत लेखात या वादाचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावयाचा आहे. हा विषय संगणकशास्त्राचा असता भाषाशास्त्राने त्यात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की इशारा हे एक वाक्य आहे. ते कोणीतरी कोणाला तरी उद्देशून उच्चारलेले आहे. आणि त्याची उपयुक्तता ते खरे की खोटे यापेक्षा ते कोणत्या जातीचे वाक्य आहे यावर अधिक अवलंबून आहे. या दृष्टीने पाहिले असता वरील दोन्ही पक्ष एकच चूक करतात असे दिसून येईल. दोघेही इशाऱ्याला विधान समजतात : एक ते सर्वदा खरे मानतो, दुसरा बहुधा खोटे. वस्तुतः इशारा ही पृच्छा आहे.

२

प्रथम इतिहास पाहू. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत सी भाषा सिद्ध केली तेव्हा तिचा कंपायलर मितभाषी होता. लेखकाला आपण काय करतो हे कळते, असे गृहीत धरून तो चाले. संहितेतील संशयास्पद जागा हुडकण्याचे काम त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ नावाच्या एका निराळ्या साधनाकडे सोपविले. त्यावरील त्यांचा वृत्तान्त १९७८ साली प्रसिद्ध झाला. कपड्याला चिकटलेल्या तंतूंना इंग्रजीत जे म्हणतात तेच नाव त्यांनी निवडले. विभागणीमागचा विचार स्पष्ट होता : कंपायलरने झटपट भाषांतर करावे आणि सावकाश, साकल्याने परीक्षण दुसऱ्याने करावे.

ही विभागणी आपल्याकडील हस्तलिखितांच्या परंपरेला अपरिचित नाही. पोथी उतरविणारा लेखकू निराळा आणि तिच्यावर टीका लिहिणारा निराळा. लेखकूने समोर दिसेल ते उतरवावे व दोषाचे उत्तरदायित्व मूळ प्रतीवर टाकावे, हा प्रघात पोथ्यांच्या अखेरीस आढळणाऱ्या समाप्तिवचनांतून पुष्कळदा व्यक्त झालेला आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात येते. त्यांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, काना-मात्रांचा नेटकेपणा यांविषयी तो जी दक्षता सांगतो ती सारी लेखकूची दक्षता होय. मजकूर युक्त आहे की नाही हे ठरविणे हे त्या क्रियेचे अंग नव्हे. जुना सी कंपायलर हा असा लेखकू होता, आणि लिंट हा टीकाकार.

पुढे हे दोन व्यवसाय एकत्र आले. लिंटची बरीच कामे कंपायलरनेच अंगीकारली व ‘इशारा’ हा प्रकार रूढ झाला. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९८९ साली सी भाषेचे प्रमाण निश्चित झाले. त्यात व त्यानंतरच्या आवृत्त्यांत कंपायलरवर बंधन आहे ते एवढेच की भाषेचा रचनानियम अथवा मर्यादानियम मोडल्यास त्याने निदान एक निदर्शक संदेश द्यावा. तो संदेश दोष म्हणून द्यावा की इशारा म्हणून, याविषयी प्रमाण सामान्यतः मौन पाळते. म्हणजे दोष आणि इशारा यांमधील सीमारेषा भाषेने आखलेली नाही. ती कंपायलर रचणाऱ्यांनी आखली, आणि ती हलते.

ती कशी हलते याचे उदाहरण नजीकचेच आहे. पूर्वघोषणा न केलेले फलन वापरण्याची १९८९ च्या प्रमाणात मुभा होती. अशा फलनाचे उत्तर पूर्णांक असते असे गृहीत धरले जाई. १९९९ च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली. जीसीसी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कंपायलरने २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून नवे प्रमाण गृहीत धरण्यास आरंभ केला, परंतु अशी संहिता इशारा देऊन चालवून घेतली. आणि २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या चौदाव्या आवृत्तीत तिला दोष ठरविले. मराठीच्या शुद्धलेखनात १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, त्यानंतरही ते देण्याची सवय पुष्कळ काळ टिकली; तसाच हा प्रकार. नियम बदलण्याचा दिवस आणि रूढी बदलण्याचा दिवस एक नसतो. मधल्या काळात जुन्या संहितांना एकदम बहिष्कृत न करता नव्या नियमाची जाणीव देण्याचे कार्य इशाऱ्याने केले. इशाऱ्यांची ही पहिली उपयुक्तता निर्विवाद आहे.

३

आता इशाऱ्यांचे वर्गीकरण करू. सरसकट ‘इशारे उपयुक्त की निरुपयोगी’ असे विचारणे व्यर्थ आहे, कारण एका नावाखाली निरनिराळ्या जातीची वाक्ये एकत्र आली आहेत. वर्गीकरणासाठी न्यायशास्त्रातील वाक्यार्थविचार उपयोगी पडतो. ‘तर्कसंग्रहा’त अन्नंभट्टांनी वाक्यार्थज्ञानाला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे नुसते शब्द ओळीने उच्चारले तर त्यांना परस्परांची आकांक्षा नसल्याने वाक्य होत नाही. ‘तो अग्नीने शिंपतो’ यात आकांक्षा आहे, परंतु शिंपण्याचे साधन होण्याची योग्यता अग्नीत नाही. नैयायिकांनी याशिवाय तात्पर्याचाही विचार केला. ‘सैंधव आण’ या आज्ञेत सैंधव म्हणजे मीठ की घोडा, हे बोलणारा जेवावयास बसला आहे की प्रवासास निघाला आहे यावरून ठरते.

कंपायलर ज्यांना दोष म्हणतो त्यांतील बरेचसे आकांक्षेचे भंग होत. अर्धविराम राहिला, कंस मिटला नाही, की वाक्य पुरे होत नाही. इशाऱ्यांचा प्रांत त्यापलीकडे सुरू होतो व त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग योग्यताविषयक इशाऱ्यांचा. छापण्याच्या आज्ञेत पूर्णांकाचा आकृतिबंध द्यावा आणि प्रत्यक्षात दशांश संख्या पुरवावी. अथवा वाचण्याच्या ‘स्कॅनएफ’ या आज्ञेत चलाचा पत्ता द्यावयाच्या ऐवजी चलच द्यावे. रचना शुद्ध, पण अर्थ असंभव. या वर्गातील इशारा प्रायः खराच असतो. नवशिक्या विद्यार्थ्याच्या हातून सर्वांत अधिक होणाऱ्या चुका याच वर्गात मोडतात, म्हणून येथे इशाऱ्याची किंमत फार मोठी आहे. चिन्हयुक्त व चिन्हरहित संख्यांची तुलना हीही या वर्गाच्या जवळची. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात ‘-१’ ची तुलना चिन्हरहित ‘१’ शी केली, तर भाषेच्या नियमानुसार ‘-१’ चे रूपांतर ४,२९,४९,६७,२९५ असे होते आणि ऋण एक हा धन एकाहून मोठा ठरतो. नियम पाळला जातो, परंतु गणित हरवते.

दुसरा भाग तात्पर्यविषयक इशाऱ्यांचा. ‘इफ (वय = १८)’ असे लिहिले तर ते सी भाषेत शुद्ध आहे. एकेरी बरोबरचिन्ह म्हणजे वय या चलात १८ हे मूल्य घालणे. त्या क्रियेलाही मूल्य असते आणि ते शून्य नसल्याने अट सर्वदा खरी ठरते. तुलना करावयाची असेल तर दुहेरी चिन्ह हवे. येथे आकांक्षा पूर्ण आहे, योग्यतेलाही तांत्रिक बाध नाही. संशय आहे तो लेखकाच्या अभिप्रायाविषयी. कंपायलरपुढे सैंधवाचा प्रश्न उभा आहे, आणि बोलणारा पाटावर बसला आहे की घोड्याची वाट पाहत आहे हे त्याला दिसत नाही. तो विचारतो, एवढेच त्याच्या हाती आहे.

तिसरा भाग प्रवाहविषयक इशाऱ्यांचा. एखादे चल मूल्य मिळण्यापूर्वीच वापरले जात असावे, असा हा इशारा. तो देण्यासाठी संहितेतील सर्व संभाव्य मार्ग तपासावे लागतात. प्रत्यक्षात कोणता मार्ग कधीच चोखाळला जाणार नाही हे सर्वसाधारणपणे आधी ठरविता येत नाही. हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध केलेल्या प्रमेयाने या आशेला कायमची मर्यादा घातली आहे. म्हणून कंपायलर अंदाज करतो, व त्याच्या इशाऱ्यात ‘कदाचित’ हा शब्द असतो. तो शब्द विनयापोटी आलेला नाही. ती गणिताची अपरिहार्यता आहे.

या तीन वर्गांखेरीज न वापरलेले चल, अनावश्यक घोषणा इत्यादी शैलीविषयक सूचना असतात. त्यांचे मोल संहितेच्या स्वच्छतेपुरते आहे. तथापि संख्येने त्याच पुष्कळ असल्यामुळे सर्व इशाऱ्यांविषयी वाचकाचे मत त्यांच्यावरून बनते, हे त्यांचे वाईट.

४

इशाऱ्यांच्या बाजूने व विरुद्ध जे पुरावे दिले जातात त्यांतील तीन घटना बारकाईने पाहण्यासारख्या आहेत.

२०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या सुरक्षित संपर्काच्या संहितेत एक गंभीर उणीव उघड झाली. स्वाक्षरी पडताळणाऱ्या फलनात ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी तितकीच आत सरकवून लिहिलेली असली तरी अटीबाहेर होती. परिणामी अखेरची पडताळणी कधीच होत नसे आणि फलन ‘सर्व ठीक’ असे उत्तर देई. येथे कंपायलर बोलू शकला असता काय? क्लँग या कंपायलरमध्ये अगम्य संहितेचा इशारा उपलब्ध होता, परंतु तो ‘डब्ल्यू-ऑल’ या नेहमीच्या पर्यायात अंतर्भूत नव्हता; जीसीसीमध्ये त्या नावाचा पर्याय नावापुरताच उरला होता. म्हणजे ‘ऑल’ या शब्दाने सर्व इशारे मिळतात ही समजूतच चुकीची आहे. फसव्या मांडणीविषयीचा इशारा जीसीसीने २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत आणला व तो त्या पर्यायात समाविष्ट केला.

दुसरी घटना २००३ च्या नोव्हेंबरातील. लिनक्सच्या मूळ संहितेच्या एका उपप्रतीत कोणी अज्ञाताने दोन ओळी घुसविल्या. त्यांत वापरकर्त्याचा क्रमांक शून्याशी ताडून पाहण्याचा आव आणून वस्तुतः तो शून्य केला होता. म्हणजे सामान्य वापरकर्त्याला यंत्राची पूर्ण सत्ता मिळाली असती. एकेरी बरोबरचिन्हाची तीच जुनी जागा. परंतु ही नेमणूक कंसात घातलेली होती, आणि कंसातील नेमणूक हेतुपुरस्सर आहे असे कंपायलर मानतो, म्हणून तो गप्प राहिला. घुसखोरी सापडली ती मूळ प्रत व उपप्रत यांतील तफावतीमुळे. यावरून दिसते की तात्पर्याविषयीच्या प्रश्नाला खोटे उत्तरही देता येते. इशारा प्रमाद पकडतो. कपट पकडण्याचे साधन तो नव्हे.

तिसरी घटना सर्वांत बोधप्रद आहे. तीत बोलणारे साधन कंपायलर नसून ‘व्हॅलग्राइंड’ नावाचे परीक्षक होते, परंतु प्रश्न तोच. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या एका सांभाळकर्त्याने २००६ साली ओपनएसएसएलच्या संहितेतील दोन ओळी वगळल्या, कारण मूल्य न दिलेली स्मृती वापरली जात असल्याची तक्रार त्या ओळींपाशी येत होती. दोन्ही ओळी दिसावयास सारख्याच होत्या. त्यांतील एक वगळणे फारसे बाधक नव्हते. दुसरीतून मात्र यादृच्छिकतेचा सारा साठा भरला जाई. ती जाताच गुप्त किल्ल्या बनविण्यासाठी केवळ प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, आणि एका प्रकारच्या यंत्रावर एका जातीच्या व लांबीच्या किल्ल्या अधिकाधिक ३२,७६८ च निघू लागल्या. हे २००८ च्या मे महिन्यात उघडकीस आले. तक्रार खोटी नव्हती, पण ती पृच्छा होती : ‘ही स्मृती मूल्याविना वापरली जात आहे; हे अभिप्रेत आहे काय?’ ती आज्ञा म्हणून वाचली गेली. प्रत्येक इशारा दोष मानावा म्हणणाऱ्या पक्षाने या घटनेवर विचार करावा.

याच जातीचा लहान प्रमाद रोज घडतो. प्रवाहविषयक इशारा आला की लेखक चलाला आरंभीच शून्य देऊन मोकळा होतो. इशारा नाहीसा होतो, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट नाहीशी होते. पुढे एखाद्या मार्गावर खरे मूल्य देणे राहून गेले तर कंपायलरला ते यापुढे कधीच कळणार नाही, कारण त्याच्या लेखी चलाला मूल्य मिळालेले आहे. पूर्वी जो प्रमाद बोलून दाखविला गेला असता तो आता मुका झाला.

५

दुर्लक्षवादी पक्षाचे म्हणणेही निराधार नाही. खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न खरा आहे, आणि त्यावरील काही लक्षणीय काम महाराष्ट्रातच झालेले आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात सी संहितेच्या स्थिर विश्लेषणावर दीर्घकाळ संशोधन झाले. तेथील तुकाराम मुस्के यांनी २०१३ साली सहकाऱ्यांसह इशाऱ्यांची गटवारी करून तपासणाऱ्या माणसाचे श्रम कमी करण्याची रीत मांडली. पुढे २०१५ साली मुंबईच्या आय.आय.टी.मधील उदय खेडकर यांच्यासमवेत त्यांनी खोटे इशारे गाळण्याची प्रक्रिया अधिक कार्यक्षम कशी करता येईल हे दाखविले. या संशोधनाचे गृहीत असे की विश्लेषकाच्या इशाऱ्यांत खोटे पुष्कळ असतात, प्रत्येक माणसाने पाहावा लागतो, व माणसाचे लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. येथे दुर्लक्षवाद्यांचा मुद्दा मान्य केलेला आहे. निष्कर्ष मात्र उलट काढलेला आहे. दुर्लक्ष करावे असे न म्हणता, लक्ष कोठे द्यावे हे ठरविण्याची सोय करावी, असे ते म्हणतात.

उलट पक्षाच्या मर्यादाही अनुभवाने स्पष्ट झाल्या आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या संहितेत प्रत्येक इशारा दोष मानण्याचा पर्याय सर्वांसाठी लागू केला. निरनिराळी यंत्रे व कंपायलरच्या निरनिराळ्या आवृत्त्या यांवर अनेक ठिकाणी संहिता सिद्ध होईना, आणि थोड्याच दिवसांत तो नियम मुख्यतः चाचणीसाठी केल्या जाणाऱ्या सिद्धतेपुरता मर्यादित झाला. कारण उघड आहे. इशाऱ्यांची यादी कंपायलरच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर वाढते. काल निर्दोष असलेली संहिता, तीतील एक अक्षरही न बदलता, आज सदोष ठरते. ज्या संहितेचे लेखक व कंपायलर दोन्ही आपल्या हाती आहेत तेथे हा नियम हितकर आहे. जी संहिता अज्ञात ठिकाणी अज्ञात कंपायलरखाली जाणार आहे तेथे तो जाच ठरतो.

मग मध्यम मार्ग कोणता? आपल्या परिसरातील एका व्यवहाराचे उदाहरण घेऊ. जालना ही बियाण्यांची मोठी पेठ. महिको ही कंपनी येथेच १९६४ साली निघाली. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. सत्तर वा अधिक उगवले तर नेहमीचे प्रमाण ठेवावयाचे. त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणे वाढवावयाचे, आणि फारच कमी असेल तर ते बियाणे बाजूस ठेवावयाचे. ही चाचणी पेरणी थांबवीत नाही, आणि तिच्याकडे कोणी काणाडोळाही करीत नाही. तिचे उत्तर घेऊन मनुष्य निर्णय करतो. इशाऱ्याचे स्थान हेच आहे.

६

आता इशाऱ्याच्या भाषेकडे वळू, कारण पृच्छा कोणत्या शब्दांत विचारली यावर उत्तर अवलंबून असते. ‘इफ (वय = १८)’ या एकाच जागेविषयी तीन कंपायलर काय म्हणतात ते पाहावे. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी म्हणतो, ‘संभवतः चुकीची नेमणूक’. जीसीसी म्हणतो, ‘सत्यमूल्य म्हणून वापरलेल्या नेमणुकीभोवती कंस घालावे असे सुचते’. क्लँग प्रथम सांगतो की नेमणुकीचे फलित कंसावाचून अट म्हणून वापरले आहे, आणि मग दोन टिपा जोडतो : इशारा शमवावयाचा असल्यास कंस घाला, तुलना हवी असल्यास दुहेरी चिन्ह वापरा.

पहिले वाक्य संशय व्यक्त करते, पण संशयाचे कारण सांगत नाही. दुसरे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. ते प्रश्न विचारतच नाही. उपाय सांगते, आणि तोही एकाच पर्यायाचा. जो विद्यार्थी ते आज्ञाधारकपणे पाळील तो कंस घालील, इशारा जाईल, आणि चूक कायम होईल. तिसऱ्या वाक्यात मात्र पृच्छेचे पूर्ण रूप आहे : तुझा अभिप्राय हा असेल तर असे लिही, तो असेल तर तसे लिही. दोन्ही उत्तरे संहितेतच लिहिली जातात, हे विशेष. पुढच्या वाचकाला लेखकाचे तात्पर्य मग अनुमानाने शोधावे लागत नाही.

भाषेचे प्रमाणही याच दिशेने सरकत आहे. ‘स्विच’च्या रचनेत एका शाखेतून दुसरीत घसरणे कधी हेतूने असते, कधी विस्मृतीने. त्याविषयीचा इशारा जीसीसीने २०१७ च्या सातव्या आवृत्तीत आणला. ही घसरण हेतुपूर्वक आहे असे सांगणारे चिन्ह आता खुद्द प्रमाणात आले आहे. ज्या आवृत्तीला सी-२३ म्हणतात व जी २०२४ साली प्रसिद्ध झाली, तीत ते आहे. कंपायलरच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी भाषेने आपल्या शब्दसंपत्तीत भर घातली, ही भाषाभ्यासकाने नोंद घ्यावी अशी घटना आहे.

मराठी पर्यायाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. संगणकाच्या मराठी पडद्यावर ‘चेतावणी’ हा शब्द आढळतो; तो हिंदीच्या वळणाचा आहे. ‘ताकीद’ ही वरिष्ठाने द्यावयाची असते व ती पाळावयाची असते. ‘इशारा’ रूढ आहे म्हणून येथे वापरला. पण इशारा देणाऱ्याला पुढील संकट ठाऊक असते असे त्यात गृहीत आहे. कंपायलरला ते ठाऊक नसते. ‘शंका’ हा शब्द अर्थाला सर्वांत जवळचा वाटतो. शंका आली म्हणजे ती फेडावी लागते. ती नुसती पुसून टाकता येत नाही आणि दंडनीयही ठरविता येत नाही.

७

शेवटी आपल्या अध्यापनाचा प्रश्न. अंबड, परतूर, भोकरदन, मंठा येथून येणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याची सी भाषेशी पहिली गाठ प्रयोगशाळेत पडते. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत ती गाठ दीर्घकाळ टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर पडत आली. १९८७ साली निघालेले हे साधन नव्या यंत्रांवर अनुकरणाच्या साहाय्याने चालवून ते टिकविण्यात आले. त्या पडद्यावर संहिता उतरली की एक चौकट येई. तीत इशाऱ्यांची संख्या दिलेली असे, दोषांची शून्य असे, आणि खाली लुकलुकणारी अक्षरे म्हणत : यशस्वी, कोणतीही कळ दाबा. विद्यार्थी शेवटची ओळ वाचतो. संख्या काही असो, यंत्राने स्वतःच यश जाहीर केले आहे.

याहून सूक्ष्म असा एक परिणाम ‘मेन’ या मुख्य फलनाच्या बाबतीत दिसतो. त्याचे उत्तर पूर्णांक असावे असे प्रमाण सांगते. तसे घोषित करून अखेरीस उत्तर दिले नाही तर टर्बो सी इशारा देतो की फलनाने मूल्य परत करावयास हवे. हा इशारा दोन रीतींनी घालविता येतो. अखेरीस शून्य परत करणे ही एक; आणि फलन मूल्यच देत नाही असे घोषित करणे, म्हणजे ‘व्हॉइड मेन’ लिहिणे, ही दुसरी. पहिली उत्तर आहे, दुसरी पळवाट. दुसरी आपल्याकडे इतकी रुळली आहे की पुष्कळांना तोच नियम वाटतो. असा विद्यार्थी जीसीसीपुढे बसून ‘डब्ल्यू-ऑल’ मागतो तेव्हा त्याच ओळीवर इशारा येतो, आणि नवे साधन विनाकारण कटकट करते असे त्याचे मत बनते. पूर्वघोषणा न केलेल्या फलनाचीही हीच कथा. टर्बो सीच्या लहान स्मृतिरचनेत पूर्णांक व पत्ता दोन्ही सोळा बिटांचे, म्हणून चुकीचे गृहीत खपून जाई. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो आणि प्रोग्रॅम कोलमडतो.

प्रयोगपरीक्षेत उत्तर पडद्यावर आले की गुण मिळतात, तोवर हे बदलणार नाही. प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की प्रयोगवहीत संहिता व फलित यांबरोबर तिसरा रकाना असावा : आलेले इशारे आणि प्रत्येकाला दिलेले उत्तर. इशारा शून्य असणे ही अट नसावी. ‘हा इशारा योग्यतेचा आहे व चूक दुरुस्त केली’, ‘हा तात्पर्याचा आहे, माझा अभिप्राय अमुक, म्हणून संहितेत असे लिहिले’, ‘हा प्रवाहाचा आहे, तो मार्ग अमुक कारणाने संभवत नाही’, अशी उत्तरे मराठीत एकेका वाक्यात लिहावीत. ज्याला असे वाक्य लिहिता येत नाही त्याला आपली संहिता समजलेली नाही, हे परीक्षकाला दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाशिवाय कळेल. इंग्रजीतील त्रोटक संदेशाचा अर्थ लावण्याचा सरावही त्यातूनच होईल, आणि ही अडचण आपल्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा अधिक जाचते.

इशाऱ्यांची उपयुक्तता किती, या प्रश्नाचे उत्तर मग असे द्यावे लागते. योग्यताविषयक इशारे दोषासमान मानावेत. तेथे विलंबाला कारण नाही. तात्पर्यविषयक इशाऱ्यांना संहितेतच उत्तर द्यावे. प्रवाहविषयक इशारे तपासावेत, पण समजल्यावाचून शमवू नयेत. न समजता शमविलेला इशारा हा दुर्लक्षिलेल्या इशाऱ्याहून वाईट, कारण दुर्लक्षिलेला निदान उद्या पुन्हा दिसतो. शैलीविषयक सूचना वेगळ्या काढाव्यात, म्हणजे त्यांच्या गर्दीत उरलेल्या हरवणार नाहीत. कंपायलरला लेखकाचे मन कळत नाही, ही त्याची मर्यादा आहे. ते कळत नसल्यामुळेच तो विचारतो, आणि विचारल्यामुळे लेखकाला आपले मन स्वतःपुरते तरी स्पष्ट करून घ्यावे लागते.